वाटे

परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे,
आता सहा महिन्यांनी या.
जिन्यातच विचारलं, जिवाकाका, आज काय खाणार?
काहीही सांगा.
ते हल्ली बोलत नाहीत, वाऱ्याला अक्षरं लावतात.
म्हणाले, शिकारीचा मटान.

टॅक्सीत बसून फोनवर शोधलं.
फोर्टातली गल्ली, बंद पडलेल्या विमा कंपनीचा तळमजला,
दोघांसाठी टेबल, आठ वाजता,
एसीखाली नको, एवढं दोनदा बजावून.

आत काळोख असा, की तोही बिलात लावणार.
भिंतीवर सांबराचं मुंडकं.
काका बघत राहिले,
बाजारात कुणी ओळखीचं वाटावं आणि नाव आठवू नये तसे.
मग खुर्चीला धरून उठले, शिंगाला टिचकी मारली.
फायबर.
'सांबराक तीन फाटे. ह्येका पाच काढल्यानी.'

मेनू पाटाएवढा जड.
लाव्ही होती, पाळलेली. ससा, तोही पाळलेला.
हरीण विमानातून आलेलं.
स्टेक रेड्याचा,
'कायद्यात बसतो तेवढाच, मॅडम,' वेटर हळूच म्हणाला,
आणि काकांकडे वळला: कसा हवा, सर?
मीडियम? रेअर?
काकांकडे माप एकच होतं,
सुरी न लागता तुटेल असा.

गावात बंदूक एकच, ठासणीची,
बाबल्या परबाच्या नावावर, पिकाच्या राखणीसाठी.
काकांनी ती कधी खांद्याला लावली नाही.
काका हाकारी.
डोंगराच्या वरच्या अंगाला उभं राहून
डबा बडवायचा, ओरडायचं,
रान खालच्या खिंडीकडे पळवायचं.
आई सांगायची, ह्याची हाक ऐकून
पलीकडच्या वाडीतली गुरं चुकून घरी यायची.

ताट नाहीच, काळ्या दगडाची फरशी आली,
वर मांस, शेजारी तीन गाजरं, देठांसकट.
मी बारीक तुकडे करायला घेतले, नखाएवढे,
कागदावर लिहून दिलं होतं तसे.
त्यांनी माझा हात धरला.
'असा नाय.'
सुरी घेतली. मोजत मोजत कापलं.
पावाच्या बशीत मांडत गेले, ओठ हलत होते,
मी वाकून ऐकलं:
मारणाऱ्याचो. त्येका मुंडीय मिळता, पण ती भिंतीर आसा, ऱ्हवांदे.
हाकाऱ्यांचे पाच.
नेम चुकलो त्येचोय, तो काय घराक जावन उपाशी ऱ्हवात?
कुत्र्यांचो.
राखणदाराचो. हो पयलो काढूक व्हयो होतो, इसारलंय.
वाटेर गावात त्येचो.

माझा कुठला, विचारलं नाही.
गाजर खाल्लं.

वेटर आला. छातीवरच्या पट्टीवर प्लॅसिड.
'सर, स्टेक बरोबर नाही का?'
काकांनी बशी त्याच्याकडे सरकवली,
शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवलं.
तो माझ्याकडे बघू लागला. मी काय सांगणार,
'तुम्ही वाटेत भेटलात' म्हटलं.
'ड्युटीवर आहे, मॅडम.'
गल्ल्याकडे एकदा पाहिलं,
आणि पाणी ओतता ओतता टिश्यूत घेतला.
खाल्ला की टाकला, देव जाणे.

काकांनी स्वतः दोन तुकडे खाल्ले.
फार वेळ चावत होते.
कसं आहे?
'धावलेला नाय,' म्हणाले.
बिल चार हजार सहाशे. सेवाशुल्क धरून.

बाहेर गल्ली रिकामी, बँकांची शटरं खाली.
टॅक्सी दिसली, पुढे निघून चालली होती.
मी हात करायच्या आत काकांनी तोंडाशी तळवे नेले,
मान मागे टाकली,
आणि सगळ्या छातीतून
नुसता वारा.

टॅक्सी गेली.
समोरच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानं
एक कान उभा केला.
काका खिसा चाचपत रस्ता ओलांडू लागले,
सदऱ्याला तेलाचा डाग पडलेला,
दोन्हीकडे न बघता.